ठकाजीने कोरलेल्या भुवया

बोरवडीत ठकाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. नाव ठकाजी, पण जन्मात त्याला कुणाला ठकवता आलं नाही. सांगावं ते तो करी. नेमकं तेवढंच करी. पाहुण्यांना 'बसा' म्हणा, असं एकदा त्याला सांगितलं होतं. तर चप्पल घालून निघालेल्या पाहुण्यांनाही तो 'बसा' म्हणाला. पाहुणे तीनदा बसले.

पण एक गोष्ट त्याला झकास येई. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत ती ठकाजीनंच. त्यानं ओढलेली रेघ केसभर हलत नसे.

त्याची बायको कुसुम. तिनं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. गावातल्या बायका आधी लाजल्या, मग येऊ लागल्या. जास्त करून भुवयांसाठीच. कुसुमकडे काचेची एक डबी होती. तिच्यात भुवयांना लावायचं मलम होतं, काळपट तपकिरी, लोण्यासारखं घट्ट. त्याला पोमेड म्हणतात. तिरप्या बारीक ब्रशनं ते लावलं की विरळ भुवई भरून येई आणि कोरल्यासारखी दिसे. घामानं ओघळत नसे. पाण्यानंही सहजासहजी जात नसे.

मग कुसुमला मोठं काम मिळालं. गावातल्या वनिताचं लग्न ठरलं आणि नवरीला सजवायचं कुसुमकडे आलं. आजवर बोरवडीच्या नवऱ्या तालुक्याला जाऊन सजून येत. हे काम नीट पार पडलं असतं तर पंचक्रोशीतल्या नवऱ्या कुसुमच्या दारात आल्या असत्या.

लग्नाला आठ दिवस उरले आणि कुसुम मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

ती रडायला लागली. ठकाजीला तिचं रडणं बघवेना.

"मी काय करू ते सांग," तो म्हणाला.

कुसुमनं डोळे पुसले आणि त्याच्या बोटांकडे बघितलं.

"शिंगं रंगवता, तशा भुवया रंगवाल का?"

"तू सांगशील तशा."

"मग लग्नाच्या आधी चार गिऱ्हाइकांवर हात बसवू. मी सांगते, तुम्ही करा."

"पण तू समोर थांबू नकोस. तू बघितलंस की माझा हात थरथरतो."

म्हणून ठरलं असं, की कुसुमनं सांगायचं आणि आत जायचं.

पहिल्या दिवशी हौसाकाकू आल्या. त्यांच्या भुवया विरळ होत्या. कुसुम म्हणाली, "सोपं आहे. जिथं केस नाहीत, तिथं मलम भरायचं." आणि ती आत गेली.

ठकाजीनं काकूंचा चेहरा नीट न्याहाळला. दोन भुवयांच्या मधोमध एकही केस नव्हता. त्यानं तिथं भरलं. चांगलं गच्च भरलं.

काकूंनी आरशात बघितलं. या कानापासून त्या कानापर्यंत एकच भुवई होती.

"कुसुम," काकू म्हणाल्या, "मी दोन घेऊन आले होते."

कुसुमनं खोबरेल लावून लावून मधला भाग पुसला. काकूंना चहा पाजला. त्या गेल्यावर ती म्हणाली, "अहो, असं करायचं नाही. मधली जागा मोकळी सोडायची."

"बरं," ठकाजी म्हणाला. "आता मधली जागा मोकळी सोडतो."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गोडबोलेबाई आल्या. त्यांच्या भुवया चांगल्या दाट होत्या, नुसता आकार हवा होता. ठकाजीनं एका भुवईची सुरुवात रंगवली, शेवट रंगवला आणि मधली जागा मोकळी सोडली. दुसरीचंही तसंच. मोकळ्या जागेतले केस उगाच गर्दी करत होते, म्हणून ते वस्तऱ्यानं काढले.

बाईंनी आरशात बघितलं आणि मोजलं. शिक्षिकाच त्या.

"चार," त्या म्हणाल्या.

कुसुमनं तुटलेल्या जागा डाव्या हातानं कशाबशा भरून दिल्या. बाई गेल्यावर ती म्हणाली, "अहो, भुवई तुटता कामा नये. मुळापासून निघायचं आणि थेट शेपटापर्यंत सलग न्यायचं."

"शेपटापर्यंत?"

"शेपटापर्यंत. मध्ये थांबायचं नाही."

"बरं," ठकाजी म्हणाला. "आता शेपटापर्यंत नेतो."

तिसऱ्या दिवशी रखमाआत्या आल्या. आत्यांना केसांचा फार अभिमान. कमरेखाली पोचणारा जाडजूड शेपटा, त्याला वर अबोलीचा गजरा. ठकाजी नाकाजवळून निघाला. भुवई संपली. तो थांबला नाही. कानशिलावरून गेला, कानामागून वळला, मानेवरून उतरला आणि गजऱ्याला वळसा घालून शेपट्याला पोचला. रेघ कुठंही तुटली नव्हती. आपल्यावर तो खूश झाला.

आत्या म्हणाल्या, "मानेला गार कशानं लागतंय रे?"

"भुवई आहे, आत्या," ठकाजी म्हणाला. "आलीच आता."

आत्यांची मान धुवायला दोन बादल्या पाणी लागलं. कुसुम कपाळाला हात लावून बसली. "अहो, तुम्ही थांबलात कसे नाही? गिऱ्हाइकाला विचारत जा, बास का म्हणून. बास म्हणेपर्यंत भरायचं, बास म्हटलं की थांबायचं."

"बरं," ठकाजी म्हणाला. "आता बास म्हणेपर्यंत भरतो."

चौथा दिवस सोमवार होता. सत्यभामाकाकी आल्या. त्यांचं सोमवारी मौन असे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठकाजीलाही ठाऊक होतं. पण त्याबद्दल त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

त्यानं उजवी भुवई घेतली. "बास का, काकी?"

काकी गप्प.

त्यानं आणखी भरलं. "बास का?"

काकींनी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मग पाय आपटले. पण बास काही म्हणाल्या नाहीत. ठकाजीनं मनात म्हटलं, हौस दांडगी आहे. मलमाची डबी तळाला लागली तेव्हा काकींच्या उजव्या डोळ्यावर रेडकू बसल्यासारखं दिसत होतं. डावी भुवई होती तशीच होती.

काकी तशाच घरी गेल्या. मंगळवारी उजाडताच परत आल्या आणि जे बोलायचं होतं ते एका दमात बोलून गेल्या.

आता लग्नाला तीन दिवस राहिले होते. कुसुमनं तालुक्याहून मलमाच्या दोन नव्या डब्या मागवल्या. तिला रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, सगळं एकाच बाजूला कसं घातलंत? एक बाजू झाली की दुसऱ्या बाजूला जायचं. तिथंही अगदी तसंच करायचं. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. एक बाजू झाली आणि दुसरी राहिली, तर माझी अब्रू जाईल."

हे शेवटचं ठकाजीच्या मनाला लागलं. पुढचे तीन दिवस तो जेवताना, झोपताना, गोठ्यात, सगळीकडे पुटपुटत होता. "एक बाजू झाली की दुसरी बाजू. दोन्ही सारख्या."

लग्नाचा दिवस आला. गोरज मुहूर्त होता. दुपारी वनिता खुर्चीत बसली. कुसुमनं देव आठवले आणि ती शालू काढायला आतल्या खोलीत गेली.

ठकाजीनं ब्रश घेतला. उजवी भुवई केली. मग डावी केली, अगदी तशीच. मधली जागा मोकळी, रेघ सलग, शेवट जिथल्या तिथं. कुसुम परत आली आणि दारातच थबकली. वनिताच्या भुवया अशा झाल्या होत्या, की तालुक्याच्या पार्लरनं शिकायला यावं. उंच कमान, टोकाला निमुळती.

"छान केलंत हो," कुसुम म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

वनिताची आई डोकावली. मुलीला बघून तिनं कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "चला, मुलीकडची बाजू तयार झाली."

ठकाजीनं हे ऐकलं. त्यानं दोन्ही डब्या खिशात टाकल्या, ब्रश उचलला आणि तो मागच्या दारानं निघाला.

मुलाकडचं वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. जेवणं होऊन मंडळी सतरंज्यांवर लोळत होती. ठकाजी थेट नवरदेवापुढे जाऊन बसला.

"हे काय?" नवरदेवाच्या मामांनी विचारलं.

"मुलीकडून आलोय," ठकाजी म्हणाला. "एक बाजू झाली. आता तुमची."

मामांनी जरा विचार केला. मग नवरदेवाच्या आईला हळूच म्हणाले, "अक्का, यांच्याकडची रीत दिसते. मुलीकडचा मान आहे. नाही म्हणू नये."

नाही कुणीच म्हणालं नाही. नवरदेवाचं झालं. वरमाईचं झालं. मामांचं झालं. मामांनी मिशांनाही थोडं लावा म्हणून सांगितलं, पण ठकाजी म्हणाला, मिशांचं मला सांगितलेलं नाही. काका झाले, आत्या झाल्या, करवली झाली, गाडीचा ड्रायव्हर झाला. सतरंजीवर झोपलेले दोन आजोबा झोपेतच झाले. एकूण सदतीस जण. प्रत्येकाची उंच कमान, टोकाला निमुळती. तसूभर फरक नाही.

संध्याकाळी मांडव भरला. मंगलाष्टकं संपली, ताशे वाजले, अंतरपाट दूर झाला. वनितानं लाजत वर बघितलं. समोर तिच्याच भुवया होत्या, नवऱ्याच्या कपाळावर. त्याच्यामागे मामांच्या कपाळावर. वरमाईच्या. सगळ्या वऱ्हाडाच्या. सदतीस माणसं एकदम कशाचं तरी नवल वाटल्यासारखी उभी होती.

वनिताला हसू फुटलं. नवरदेव हसला. मग दोन्हीकडची मंडळी हसत सुटली, आणि हार घालायचे तेवढे राहून गेले.

कुसुमला आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. पण वरमाई तिच्याजवळ आल्या, तिचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्षांत मला माझा चेहरा एवढा आवडला नव्हता. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. तुम्ही दोघं याल का?"

कुसुमच्या जिवात जीव आला. तेवढ्यात अक्षता वेचून भटजी वळले. त्यांची उजवी भुवई कोरलेली होती, उंच कमान, टोकाला निमुळती. डावी पांढरी, विस्कटलेली, जशीच्या तशी.

कुसुमनं ठकाजीला बाजूला ओढलं. "अहो, आणि यांची एकच का केलीत?"

"मी विचारलं ना त्यांना, तुम्ही कुठल्या बाजूचे म्हणून," ठकाजी म्हणाला. "ते म्हणाले, मी दोन्ही बाजूंचा. म्हणून मुलाकडची तेवढी केली."