घंटेची मेंढी

फार पूर्वी, मेंढ्यासुद्धा प्रभूशी बोलायच्या तेव्हाची गोष्ट. या काठाचं गवत संपलं, म्हणून थोमा मेंढपाळाने कळप नदीपार न्यायचं ठरवलं आणि कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीची घंटा भुरीच्या गळ्यात बांधली. भुरीने लगेच प्रभूला हाक मारली.

"प्रभू, मी ही अशी भित्री! माझा पाय चुकला तर सगळ्यांची लेकरं वाहून जातील. दुसरी कुणी बघ ना."

"अगं, त्याने बघूनच तुला निवडलंय," कळपातली तांबडी मावशी म्हणाली. "आता नखरे पुरे!"

तरी पाणी दिसताच भुरी मागे वळली आणि दरीच्या वाटेने पळत सुटली. बघते तर काय, घंटा ऐकून अख्खा कळप तिच्या मागे! सगळ्यांत पुढे तिचंच कोकरू.

"आई, हळू ना गं!"

दरीच्या तोंडाशी भुरी गचकन थांबली. कळपासकट माघारी आली आणि नदीत उतरली. थोमा पाण्यात उभाच होता. "आलीस का बाई!" म्हणत त्याने तिला मानेशी धरलं.

पलीकडे पोचल्यावर कोकराने विचारलं, "आई, तू घाबरली होतीस?"

"हो रे राजा. अजून पाय कापतायत बघ."

"बरं," म्हणून ते दूध प्यायला लागलं.