डमीतला मी

एकदा एक गिरणीवाला सकाळी बरोबर अकरा वाजून सात मिनिटांनी आपल्या जिवलग मित्रावर उघडउघड जळू लागला. आतल्या आत तो बावीस वर्षं धुमसत होताच. पण त्या सकाळी सारं गाव ग्रामपंचायतीत टीव्हीसमोर बसलं होतं. दिल्लीत शपथविधी चालला होता. राष्ट्रपतींनी प्रथेप्रमाणे 'मैं' एवढाच शब्द उच्चारला आणि समोर उभ्या दिगंबरने त्याला आपलं नाव जोडून पुढची शपथ वाचली. याच गावचा दिगू देशाचा मंत्री झाला.

गावाने टाळ्या वाजवल्या. भानुदास गिरणीवाला मात्र म्हणाला, "ऐकलंत का? 'अक्षुण्ण' म्हणताना जीभ वळली नाही त्याची."

मागून एक म्हातारी म्हणाली, "तुझी वळली असती रे बाबा, पण तुला बोलावलं कुठं?"

सगळे हसले. भानुदास उठून गिरणीत गेला.

त्याच्या जळण्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पक्षाचं तिकीट भानुदासला मिळालं होतं. बोलणं त्याचं, हुशारी त्याची. दिगू त्याच्या सतरंज्या उचलणारा. मुख्य उमेदवाराचं ऐनवेळी काही बिनसलं तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्याचाही अर्ज भरून ठेवतात, त्याला डमी म्हणतात. भानुदासचा डमी होता दिगू. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज द्यायचा होता. भानुदास पोचलाच नाही. पक्षाने डमीला पुढे केलं. दिगू निवडून आला.

त्यानंतर दिगू थांबला नाही. जिल्हा परिषदेतून आमदार झाला, तेव्हा भानुदास म्हणाला, लाट होती. खासदार झाला, तेव्हा म्हणाला, समोरचा उमेदवारच पडेल होता. पण मंत्रिपदाला काय म्हणावं, ते त्याला सुचेना. दळण घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "भाऊ, तुमचा दिगू आता विमानातनंच फिरणार का हो?" आणि भानुदास जात्याचा दाब असा आवळायचा की पीठ हाताला चटका देई.

दिगूच्या सत्काराचा दिवस ठरला, पुढचा रविवार. स्वागताचं भाषण भानुदासने करावं, असं सगळ्यांनीच सुचवलं. त्याने लगेच होकार दिला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "पहिलंच वाक्य ठरलंय. 'मंडळी, हा माझा डमी!' पत्रकार असणारच. दुसऱ्या दिवशी छापून येईल, डमी मंत्री. मग बस म्हणावं जन्मभर पुसत."

बायको घाबरली. "अहो, विरोधक हा शब्द सोडायचे नाहीत. त्या माणसाचं नाव जाईल. आणि तुमची मैत्री?"

"मैत्री गेली विमानात."

भानुदास आणि दिगूला लहानपणी सभेत उभं राहून बोलायला शिकवणारे वृद्ध गुरुजी अजून गावात होते. डोळे अधू झाले होते, कान तीक्ष्ण होते. भाषणाआधी त्यांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून भानुदास गेला आणि त्याने ठरवलेलं वाक्य ऐकवलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "म्हण. खुशाल म्हण. पण एक अट आहे. आजपासून रविवारपर्यंत 'मी' हा शब्द तू आपणहून उच्चारायचा नाही. उच्चारायची वेळ आली, तर जवळच्या माणसाला म्हणायचं, माझ्यासाठी 'मी' म्हण. त्याने म्हटलं, की पुढचं वाक्य तू बोलायचं."

"हा काय पोरखेळ, गुरुजी?"

"देशाच्या मंत्र्यालासुद्धा पहिला 'मी' दुसऱ्याने म्हणून द्यावा लागतो. तू कोण लागून गेलास?"

गुरुजींचा शब्द मोडायची सवय नव्हती. भानुदासने मान्य केलं.

पहिला दिवस सहज गेला. भूक लागली, येतो, जातो, झोपतो. आपल्या भाषेत 'मी' म्हटल्यावाचून सगळं भागतं, हे त्याला प्रथमच कळलं. चाळीस पायल्या ज्वारी दळली, चार माणसांशी वाद घातला, शब्द एकदाही लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी गिरणीत दिगूचा विषय निघाला आणि भानुदासच्या तोंडून निघालं, "त्याला बोलायला..." पुढे अडलं. 'मी शिकवलं' म्हणायचं होतं. शेजारी दळणाला आलेला न्हावी होता. भानुदास ओशाळून म्हणाला, "जरा 'मी' म्हणतोस का?"

"मी," न्हावी म्हणाला. "आता माझ्या शब्दावर बोलताय, तर तेवढं आमच्या गल्लीच्या गटाराचं सरपंचाला सांगा."

तिसऱ्या दिवशी ही गंमत गावभर झाली. दळण कमी आणि 'मी' देणारे जास्त येऊ लागले. "भाऊ, घ्या माझा मी, आणि आमच्या पोराच्या दाखल्याचं बघा." "माझाही घ्या, पण बोलताना आमच्या आळीचं नाव आलं पाहिजे बरं का." एकाने 'मी' म्हटलं आणि भानुदासने दिगूबद्दलचं पुढचं वाक्य काढताच तो तोंडावर म्हणाला, "हे असलं माझ्या तोंडून नको हं. आमची सोयरीक आहे त्यांच्याशी." भानुदासला वाक्य गिळावं लागलं. घरी बायको तर हसून लोळायची. तिने 'मी' दिला, की त्याबरोबर माहेरी जायची परवानगीही लावून द्यायची.

शनिवारी दुपारी तो गुरुजींकडे गेला. चेहरा उतरला होता. म्हणाला, "गुरुजी, सोडवा. दर वेळी ज्याचा शब्द घ्यावा त्याची मर्जी राखायची. बोलायचं एक असतं, बोलावं लागतं भलतंच. आणि आणखी एक लक्षात आलं, सांगायला लाज वाटते. जेवायला, झोपायला, धंद्याला तो शब्द लागतच नाही. फक्त दिगूबद्दल बोलताना लागतो."

गुरुजींनी त्याला बसवलं. म्हणाले, "चार दिवसांत तुझी ही गत झाली. दिगू बावीस वर्षं असंच बोलतो आहे. कधी पक्षाचा 'मी', कधी मतदाराचा, कधी ज्याने गाडी दिली त्याचा. त्याने ते आनंदाने पत्करलं असेल, त्याला साजतंही. त्याची कीव करू नकोस, त्यालाही कष्ट पडले आहेत. पण तू ज्याचा हेवा करतोस ती वस्तू नीट पाहून तर घे. आता मला एक सांग. त्या दिवशी दुपारी तीन वाजता तू कुठे होतास?"

भानुदास खाली बघत म्हणाला, "तालुक्याच्या दवाखान्यात. लेक अकरा महिन्यांची होती. तापात झटके आले होते."

"अर्ज?"

"खिशात होता. तिला छातीशी धरलं होतं, तिच्या कपाळावरच्या पट्टीच्या पाण्याने भिजला."

"डॉक्टरने काही विचारलं असेल."

"विचारलं. लेकराबरोबर कोण आहे, सही कोण करणार?"

"मग तू काय म्हणालास?"

भानुदासने तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

गुरुजीच म्हणाले, "अट आजपुरती सुटली. बोल."

"मी," भानुदास म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"तो कुणी म्हणून दिला नव्हता, बाळ. त्या क्षणी तुला डमी नव्हता. अर्जाला पर्याय तयार होता, बापाला नव्हता. तुझी खुर्ची दिगूने घेतली असं तू म्हणत आलास. तू त्या दिवशी तुझ्याच जागेवर बसला होतास रे, दवाखान्याच्या बाकावर. आता उद्या काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही."

रविवारी मांडव भरला. दिगू आला, दिव्यांच्या आणि बिनदिव्यांच्या मिळून अकरा गाड्या आल्या. शाल, श्रीफळ, हार झाले. भानुदास माइकपाशी उभा राहिला. बायको पहिल्या रांगेत पदराचं टोक मुठीत घेऊन बसली होती. मंत्र्याच्या चेहऱ्यावरही जरा ताण दिसला. आपण कुणाचे डमी होतो, हे तो विसरला नव्हता.

भानुदास म्हणाला, "मंडळी, बावीस वर्षांपूर्वी एका माणसाला दुपारी तीन वाजता दोन ठिकाणी पोचायचं होतं. एक तहसील कचेरी आणि एक दवाखाना. एका ठिकाणी तो स्वतः गेला. दुसऱ्या ठिकाणी त्याचा मित्र उभा राहिला. दोन्हीकडची कामं झाली. लेक यंदा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्र तुमच्यासमोर बसला आहे. त्याचं स्वागत."

एवढंच बोलून तो खाली बसला. लोकांना भाषण फार लहान वाटलं. मंत्री उठून त्याच्यापाशी आला आणि त्याचा हात धरून राहिला.

गाड्या धूळ उडवत गेल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या भानुदासला गुरुजींनी हळूच विचारलं, "जळतंय का अजून?"

"जळतंय, गुरुजी. खोटं कशाला बोलू? अकरा गाड्या होत्या. पण धूर डोळ्यांत जात नाही आता."

गुरुजी म्हणाले, "पुष्कळ झालं."

आजारी लेकराच्या उशाशी बसल्यामुळे ज्याचं काही हुकलं, आणि ते दुसऱ्या कुणाला मिळालं, असं माणूस प्रत्येक घरात असतं. ते बोलून दाखवत नाही. आपल्या ओळखीत असेल, तर त्याच्यापर्यंत ही गोष्ट पोचवा. नावं बदलून सांगितली तरी चालेल.