ओळंब्याची साक्ष

भिंतींना आणि अवजारांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एक शहर झपाट्याने वाढत होतं. उंच इमारतींना जागा हवी, म्हणून जुन्या दगडी धर्मशाळेची तपासणी निघाली. गवंड्याने भिंतीच्या माथ्यावरून काठी पुढे काढली आणि तिच्या टोकावरून दोरीला बांधलेला वजनदार ओळंबा खाली सोडला, तसा ओळंबा धास्तावला. आता आपण दाखवू त्यावर हिचं मरण ठरणार!

दोरी वर भिंतीपासून हातभर लांब होती आणि खाली जेमतेम बोटभर.

“झुकलीय. धोकादायक आहे. पाडा,” तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

“अगं, जरा सरळ उभी राहा ना!” ओळंबा कळवळला.

“झुकलेय कुठे मी?” भिंत म्हणाली. “भूकंपातही हलू नये म्हणून बुडाशी रुंद आणि वर निमुळती बांधलंय मला. सांग की त्यांना!”

पण ओळंब्याला सरळ-वाकडं तेवढं सांगता येई. भक्कम काय, हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याच्या पिशवीत पडल्या पडल्या तो जीव मुठीत धरून ऐकत होता. घणावर घण पडत होते. संध्याकाळ झाली, घणांचे दांडे मोडले, तरी भिंत पडेना.

आणि साहेब लांबून ओरडत होते, “सांभाळून रे, धोकादायक आहे ती!”