सोपान आणि नावाची स्टाइल

एक होतं गाव. गावात होता एक छापखाना, आणि छापखान्यात कॉम्प्युटरपुढे बसायचा भोळा सोपान. भोळा म्हणजे किती? 'डोळे उघडे ठेवून काम कर' म्हटलं, तर शिंक आली तरी डोळे मिटायचा नाही. मग शिंकही यायची नाही, आणि दिवसभर तोंड वासून बसायचा.

मालकीण होत्या सिंधूबाई वाघचौरे. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. त्यांच्याकडच्या नोकरीवर सोपानचं लग्न लटकलेलं होतं. शेजारगावच्या कोंडिबानं सुपारी फोडतानाच बजावलं होतं, "माझी यमुना देतो. पण बाईंनी तुला कामावरनं काढलं, तर मांडवातनंबी पोरगी माघारी नेईन." सोपानचा यमुनेवर फार जीव. त्याला आजवर सगळं गाव हसलं होतं. मुलगी बघायला गेला तेव्हा यमुनाही हसली. पण तिचं हसणं त्याला गोड वाटलं.

पहिलं काम आलं शाळेच्या स्मरणिकेचं. सोपाननं हौसेनं केलं. एक मथळा लाल, एक हिरवा, एक तिरपा, एक मुंगीएवढा. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे, ही काय रंगपंचमी आहे? मथळ्याची एक स्टाइल बनव. स्टाइल म्हणजे साचा. रंग, आकार, जाडी, सगळं तिच्यात एकदाच ठरवायचं आणि सगळ्यांना तीच लावायची. एकसारखं दिसलं पाहिजे!"

"समजलं, बाई. यापुढं तसंच."

पुढचं काम होतं एका लग्नपत्रिकेचं. सोपाननं मथळ्याची स्टाइल घेतली आणि सगळ्यांना लावली. वधूवरांची नावं जेवढी मोठी, तेवढंच 'कृपया आहेर आणू नये' मोठं, आणि तेवढंच मोठं 'गाड्या मारुतीच्या देवळामागे लावाव्यात'. कार्डावर मजकूर मावेना, म्हणून त्यानं तो भिंतीवरच्या नकाशाएवढ्या कागदावर छापला. मुलीचा बाप पत्रिका उलगडत उलगडत छापखान्याच्या दाराबाहेर गेला, तरी अजून मुहूर्त आला नव्हता.

"अरे देवा!" बाई म्हणाल्या. "नावाची स्टाइल वेगळी, पत्त्याची वेगळी, मुलांच्या लाडिक ओळीची वेगळी. ज्याचा जसा मान, तशी त्याची स्टाइल. मोठ्याला मोठी, लहानाला लहान!"

"समजलं, बाई. यापुढं तसंच."

ती पत्रिका बाईंनी शेजारी बसून नीट करून घेतली. लगेच आला सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मोठ्याला मोठी, लहानाला लहान. सोपाननं शिंप्याकडून टेप मागून आणला आणि सरपंचांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, जरा भिंतीला टेका."

"कशाला रं?"

"तुमची स्टाइल ठरवायचीय."

सरपंच खूश होऊन भिंतीला टेकले. सरपंच कर्तबगार माणूस, पण उंचीनं रांजणाएवढे. सोपाननं मोजलं, मान हलवली आणि शुभेच्छा देणाऱ्यांची मापं घ्यायला निघाला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. सगळ्यांत मोठं नाव शिवा वायरमनचं, कारण मोजायच्या वेळी तो विजेच्या खांबावर चढलेला होता. त्याखाली दगडू पैलवान. उत्सवमूर्ती सरपंच तळाच्या कोपऱ्यात. त्यांचं नाव वाचायला लोक गुडघे टेकत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटत होतं, सरपंचांना केवढा हा मान.

सरपंच छापखान्यात येऊन आदळआपट करून गेले. बाईंनी रागाच्या भरात सोपानला हिशोब करून घ्यायला सांगितलं. तो मुळूमुळू रडायला लागला. "बाई, यमुना जाईल हो!" बाई विरघळल्या.

"बरं, राहा. पण इथून पुढं स्वतःची अक्कल पाजळायची नाही. लग्नपत्रिकेत सगळ्या स्टाइली तयार आहेत. पुढच्या कामाला त्याच घे. नवं काही काढू नकोस."

"समजलं, बाई. यापुढं तसंच."

नवं काही काढायचं नाही म्हणजे नवी फाइल तरी कशाला? सोपाननं लग्नपत्रिकेचीच फाइल उघडली आणि पुढच्या पानावर स्वतःच्या लग्नाची पत्रिका केली. 'नाव' ही स्टाइल लावली की नाव लाल, सोनेरी किनारीचं व्हायचं आणि आधी 'चि.' आपोआप यायचं. पत्रिका इतकी देखणी झाली की बाईंनी प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, वाचून आनंदानं सही केली.

"सही झाली की प्रूफ तेच खरं," त्या म्हणाल्या. "आता यातलं अक्षर हलवायचं नाही."

तेवढ्यात गावातले ऐंशी पार केलेले भाऊसाहेब गेले, त्यांच्या दशक्रियेची पत्रिका आली. सोपाननं त्याच फाइलीत, त्याच स्टाइली घेतल्या. लालसोनेरी 'चि. भाऊसाहेब'. आता लाडिक ओळीची स्टाइल रिकामी राहिली असती. ती फुकट जाऊ नये म्हणून त्यानं भर घातली, 'आमच्या आजोबांच्या दहाव्याला यायचं हं!'

भाऊसाहेबांचा मुलगा प्रूफ घेऊन आला तेव्हा त्याला रडावं की मारावं ते कळत नव्हतं. बाईंनी त्याचे पाय धरले आणि सोपानचा कान.

"अरे माठ्या, गेलेल्या माणसाला चि. लावतोस? 'नाव' स्टाइलमधलं चि. काढ, कै. घाल. लाल काढ, काळा घाल. स्टाइलमध्ये एका जागी बदललंस की सगळीकडं आपोआप बदलतं. एकेक नाव सुधारत बसू नकोस!"

"समजलं, बाई. यापुढं तसंच."

त्यानं एका जागी बदललं. सगळीकडं बदललं. वरच्या पानावर त्याच्या स्वतःच्या पत्रिकेतही बदललं. सोपाननं तिथलं अक्षरसुद्धा हलवलं नव्हतं. ते आपलं आपण हललं. मग त्यानं आज्ञेप्रमाणे सही झालेलं काम छापलं, पाकिटांत भरलं आणि लांबच्या पाहुण्यांना टपालानं धाडून दिलं.

लग्नाचा दिवस उजाडला. वाजंत्री वाजत होती. आणि मांडवात एकेक पाहुणा पांढऱ्या कपड्यांत, डोळ्याला पदर नाहीतर रुमाल लावून येत होता. यमुनेची आत्या पत्रिकेत 'कै.' आणि भावाचं नाव एकाखाली एक बघून 'दादा रं माज्या' करत आत शिरली, समोर कोंडिबा तिला पाणी द्यायला आला, आणि त्याला बघून ती जागच्या जागी बेशुद्ध पडली.

इतक्यात घोड्यावरून नवरदेव आला. "कोण गेलं?" सोपाननं हळहळून विचारलं. कुणीतरी त्याच्या हातात पत्रिका दिली. त्यानं पहिली ओळ वाचली. 'कै. सोपान.' आणि प्रूफावर बाईंची सही झालेली, म्हणजे तेच खरं. सोपान मुकाट्यानं घोड्यावरून उतरला, बाशिंग सोडून बाजूला ठेवलं आणि मांडवाच्या मधोमध उताणा झोपला.

"अरे ऊठ!" बाई किंचाळल्या. "तू जिवंत आहेस!"

सोपान डोळे मिटूनच म्हणाला, "मग बाई, दुरुस्त प्रूफ दाखवा."

कोंडिबानं पागोटं आपटलं. "बाई, ह्याला तुमी कामावर ठेवणार का काढणार? आत्ताच्या आत्ता सांगा. न्हायतर ह्यो मी चाललो पोरीला घेऊन."

बाईंच्या ओठांवर शब्द आलाच होता. पण त्याआधी यमुना पाटावरनं उठली. "आबा, गावात लबाड रग्गड हायती. त्यातला एकबी तुमी मला दाखवला न्हाई, ते बरं केलं. मला ह्योच पायजे." मग बाईंकडं वळली. "बाई, ठेवा ह्यांना. उद्यापास्नं प्रूफ मी वाचीन."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ठेवला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी ठेवला."

यमुनेनं भटजींचं पेन घेतलं, पत्रिकेवरचं पहिलं 'कै.' खोडलं, वर 'चि.' लिहिलं आणि पत्रिका सोपानच्या नाकापुढं धरली. सोपाननं एक डोळा उघडून वाचलं. मग दुसरा उघडला. ताडकन उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भटजींनी घाईघाईनं मंगलाष्टकं उरकली, 'सावधान' झालं, यमुनेनं हार घातला, सोपाननं घातला. कोंडिबाही हसला. सगळं कसं गोड झालं.

सोपानच्या हातात पत्रिका होती. आनंदाच्या भरात त्यानं पुढची ओळ वाचली. ती त्यानं पुन्हा वाचली. मग त्यानं गळ्यातला हार काढला, शेजारी हातात पेन घेऊन उभ्या असलेल्या यमुनेकडे पाठ फिरवली आणि बाईंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "बाई, लग्नाला घटकाही झाली नाही, आणि मी विधुर झालो हो!"