साळिंदरांच्या नावानं बोंब

फार जुन्या काळी हरणं खाली मान घालून निवांत चरायची, कारण बिबट्या दिसला की झाडावरचा वानर ओरडायचा. पण वानर लेकाचा हुशार. बिबट्याचं नाव घेतलं की कळप पांगतो आणि ओढ्यापलीकडच्या साळिंदरांच्या नावानं बोंब मारली की झाडाखाली गर्दी जमते, हे त्यानं हेरलं. तेव्हापासून बिबट्यानंही त्याच्या वाटेला जायचं सोडलं.

ठिपकी हरणीचं चार दिवसांचं पाडस गवतात निजलं होतं. वारा नसताना गवत हललं. तिनं झाडावर बोंब मारणाऱ्या वानराकडं मान वर केली.

"वानरदादा, अहो गवतात बघा की!"

"साळिंदरं आपलं रान खाणार!" वानर आणखी जोरात ओरडला.

ठिपकीनं कळपाला सावध करायला खूर आपटला, तशी शेजारची म्हातारी हरणी खेकसली, "गप गं बाई, ऐकू दे जरा!"

ठिपकी पाडसाला घेऊन पळाली. मागं बघायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी कुठंच दिसेना.

"साळिंदरांनी म्हातारीला खाल्लं!" वानर सांगत होता. झाडाखाली कालच्या दुप्पट गर्दी होती.

ठिपकी लांब उभी होती. तोंडातला घास तसाच धरून ती गर्दीमागच्या गवताकडं बघत होती.