दुसरं लाल इंजिन

इंटरनेटवर नुकतेच लिलाव सुरू झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. हेरंबरावांच्या काचेच्या कपाटात पत्र्याचं एक लाल इंजिन होतं. “जगात माझ्यासारखं दुसरं नाही,” असं ते शेजारच्या डब्यांना उठताबसता ऐकवायचं.

एकदा हेरंबरावांनी लिलावात अगदी तसंच इंजिन जिंकलं. ते खोक्यातून बाहेर येताच जुन्या इंजिनाचं तोंड उतरलं. “आता मला कोण विचारणार?”

“तू धावतोस की नाही?” नव्या इंजिनाने विचारलं.

“चावी हरवलीय. इथे आल्यापासून जागचा हललो नाही.”

“मग माझी चावी लावून बघू दे की हेरंबरावांना!”

दोघं एकाच साच्यातले, त्यामुळे हेरंबरावांनी नव्याची चावी जुन्याला लावून पाहिली, तशी ती अलगद बसली. त्यांनी दोघांना चावी देऊन फरशीवर सोडलं. नवं इंजिन पुढे पलंगाखाली शिरताना जुनं ओरडलं, “अरे, जरा हळू! मला तुझ्याबरोबर यायचंय!”