शिबंदीची ऊब

त्या मुलखात फुले मधमाशांची होती आणि हुकूम गांधीलमाशांचा. दरीपलीकडच्या मोठ्या घरट्यातून शिपायांची एक शिबंदी आली, मधमाशांच्या ढोलीच्या तोंडाशी ठाण मांडून बसली आणि मुंग्यांपासून पोळ्याचे रक्षण करू लागली. मुंग्या कोणी पाहिल्या नव्हत्या. विचारले की शिबंदीचा ठाणेदार म्हणे, "आम्ही आहोत म्हणूनच दिसत नाहीत ना!"

शिबंदीचा खर्च मात्र रोज दिसे. गेल्या हिवाळ्यात मध आटला, तेव्हा शिपाई थेट कप्प्यांत शिरले आणि अळ्या उचलून घेऊन गेले. रक्षण करायचे तर अंगात बळ हवे, असे ठाणेदाराने समजावून सांगितले. त्या अळ्या थोरल्या धायीने भरवून वाढवलेल्या होत्या. तिने धावून जाऊन डंख मारला; तो ठाणेदाराच्या कवचावरून निसटला आणि शिपाई हसले. त्या दिवसापासून तिच्या पोटात आग होती, आणि ती विझावी असे तिला वाटतही नव्हते.

यंदा फुलोरा संपताच ठाणेदाराने नवा वाटा मागितला. निम्मा मध, आणि कमी पडला तर पुन्हा अळ्या. बोलणी करायला पोळ्याने धायीलाच पाठवले.

"मालक, निम्मा मध गेला तर पोळेच उरणार नाही," धाय पुढचे पाय जोडून म्हणाली. "मग राखाल काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. इथल्या गारठ्यात माझे शिपाई आखडतात. त्यांचा खर्च कोणी सोसायचा?"

"गारठाच नडत असेल तर ऊब देतो की. थंडीत आम्ही अंगाला अंग लावून थरथरतो, ढोली तापते. शिपायांना आत येऊ द्या. ऊब हाच आमचा वाटा. मधाला आणि पिलांना तेवढा हात लावू नका."

फुकटची चाकरी मिळतेय, हे पाहून ठाणेदार खूश झाला. "पण ऊब किती?"

"कमी पडू देणार नाही, मालक."

ढोलीत तरण्या माशा तिच्यावर तुटून पडल्या. "धायआई, तू आम्हाला त्यांची अंथरुणं केलीस!"

धायीने त्यांना मागच्या भिंतीपाशी नेले. तिथे एक मेलेला भुंगा होता. मागे एका थंडीत तो चुकून त्यांच्या थरथरत्या घोळक्यात अडकला होता. डंख त्याला कोणीच मारला नव्हता. माशांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग एकेक करून कामाला लागल्या.

कडाक्याच्या थंडीच्या पहिल्या सकाळी शिबंदी आत आली. प्रत्येक शिपायाभोवती माशांचा गोळा जमला आणि थरथरू लागला. शिपायांनी सुखाने पाय सैल सोडले. ऊब वाढत गेली.

"पुरे," आतून ठाणेदार म्हणाला. मग ओरडला, "अगं, पुरे!"

"एवढ्यात कसं, मालक?" धाय त्याला आणखी घट्ट बिलगली. "माझ्या पिलांच्या वाटची ऊब राहिलीय अजून."

दुपारी दरीपलीकडचा कारभारी करार कसा पाळला जातोय ते पाहायला आला. ढोलीच्या तोंडाशी शिबंदी ओळीने निजलेली होती. कोणाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्याने ठाणेदाराला हलवून पाहिले. अंग अजून कोमट होते.

"बाहेर गारठा फार आहे," आतून धाय आर्जवाने म्हणाली. "आत या ना, कारभारी."